निर्णय साहेबांचा, कारण आबांचं

आबा कुठल्याही खोलीत आधी शिरत नसत. दार उघडायचे, बाजूला अंग चोरून उभे राहायचे, मान किंचित झुकवायचे आणि थांबायचे. मागून कोणी मोठा माणूस आत जाणार आहे अशा थाटात. मागे कोणी नसायचं. जिना रिकामा असायचा, खालच्या गिरणीतून वर आलेलं ज्वारीचं पीठ तेवढं उन्हात तरंगताना दिसायचं. मग आबा भानावर यायचे, घसा साफ करायचे आणि स्वतः आत यायचे. पहिले काही दिवस मीही त्यांच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत असे. न जाणो, खरंच कोणी आलं असलं तर चहा वाढवावा लागायचा.

रिक्षातही तेच. मागची अख्खी सीट मोकळी सोडून हा सत्तरीतला माणूस ड्रायव्हरच्या शेजारी कसाबसा टेकणार, मांडीवर काळी बॅग. आमच्या मेहरूणचे रिक्षावाले त्यांना लांबून ओळखायचे आणि मागे खुशाल दुसरी सवारी भरायचे. आबांना ते बरंच वाटायचं. मागे कोणीतरी बसलंय म्हटल्यावर ते निवांत व्हायचे आणि कुठलं घर कोणाचं, ते त्या सवारीला न विचारता सांगत जायचे.

तीस-एक वर्षं आबा एका साहेबांचे पीए होते. साहेब आमच्याच भागातले, एके काळचे मंत्री. आबा नुसतं ‘साहेब’ म्हणायचे, नाव घेत नसत. जगात आणखी कोणाला साहेब म्हणत असतील, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते मूळचे फैजपूरचे. घरची केळीची बाग भावांनी सांभाळली आणि आबांनी साहेबांना सांभाळलं. बोलणं मात्र गावचं उरलं नव्हतं. सरकारी पत्रांना उत्तरं लिहून लिहून त्यांची जीभच कार्यालयीन झाली होती. पाणी हवंय का विचारलं तर म्हणायचे, “तूर्तास आवश्यकता नाही.” एकदा घरी भरीत-पुरीला बोलावलं तर म्हणाले, “तत्त्वतः मान्य आहे.” मी दोन वाजेपर्यंत वाट पाहिली आणि मग एकटीच जेवले. तत्त्वतः मान्य म्हणजे येणार नाही, हे मला नंतर कळलं.

आमची ओळख आवाजातून झाली. मेहरूणला, पिठाच्या गिरणीच्या वर, माझा छोटासा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. निवडणुकीत रिक्षावरच्या भोंग्यातून ताई-माई करत मतं मागणारी जी बाई ऐकू येते, ती आमच्या भागात बहुतेक वेळा मीच असते. सगळ्या पक्षांसाठी मी सारख्याच मायेनं मतं मागितली आहेत. साहेबांच्या प्रचाराचा मजकूर आबा घेऊन यायचे आणि मी वाचत असले की माझ्या खुर्चीमागे, डाव्या हाताला उभे राहायचे. बसा म्हटलं तर म्हणायचे, “ताई, उभ्यानं नीट ऐकू येतं.”

आणि मग एके दिवशी ते नेहमीसारखे बंगल्यावर गेले, तर त्यांच्या खुर्चीत एक नवे गृहस्थ बसलेले. हातात दोन फोन, समोर लॅपटॉप. कोणी काही बोललं नाही. आबांनीही विचारलं नाही. ते बाहेर ओट्यावर भेटीला आलेल्या लोकांत जाऊन बसले, लोकांसाठी आलेला चहा प्यायले आणि दुपारी घरी आले. साहेबांचा फोन येईल म्हणून त्यांनी काही दिवस आंघोळीला जातानाही फोन सोबत नेला. फोन आला नाही.

हे सगळं त्यांनी मला हसत हसत सांगितलं. कारण काय म्हणून विचारलं तर म्हणाले, “कळवण्यात आलेलं नाही.” मग स्वतःशीच बोलावं तसं फैजपूरच्या बोलीत म्हणाले, “शिपायाले काढतात तं त्याले बी कारन सांगतात ना बॉ.” त्यांच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदा ऐकली आणि मला भडभडून आलं. त्या माणसाला खुर्ची परत नको होती, मानपान नको होता. साहेबांच्या तोंडून एक कारण हवं होतं, बस.

पॉडकास्टची कल्पना सोनगीरच्या नानांची. नाना म्हणजे साहेबांच्या विरोधी गटाचे. धुळ्याकडचा निवडणुकीचा सगळा व्याप त्यांनी वर्षानुवर्षं वाहिला आणि शेवटी त्यांच्याच नेत्यानं त्यांना खड्यासारखं वेचून बाहेर टाकलं. रांगडा आवाज, मिशीला काळाभोर रंग, आणि अहिराणी सोडून दुसरी भाषा बोलायची नाही असा पण. मतमोजणीच्या मांडवात ज्यांनी आयुष्यभर एकमेकांवर दातओठ खाल्ले, ती ही दोन माणसं आता माझ्याकडे एका बशीतले केळीचे वेफर खायला लागली.

नानांना सगळ्यांची बिंगं फोडायची होती. आबा तयार झाले ते वेगळ्याच आशेनं. साहेबांना गाडीत काहीतरी कानावर पडत राहायला लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. कधीतरी हेही कानावर पडेल, आवाज ओळखीचा वाटेल, फोन येईल. फोन आला की कारण विचारता येईल.

नावावरूनच दोघांची जुंपली. आबांनी सुचवलं, ‘माजी स्वीय सहायक व निवडणूक व्यवस्थापक यांचे राजकीय विचारमंथन’. नाना म्हणाले, “आबा, हाई नाव वाचता वाचता मानूस मरी जाई.” शेवटी ‘अंदरनी गोट’ ठरलं, म्हणजे आतली गोष्ट. आबांनी त्यालाही तत्त्वतः मान्यता दिली.

पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग मी जन्मात विसरणार नाही. आबांच्या मते स्वागत, प्रास्ताविक आणि आभार यांशिवाय माणसानं जाहीर बोलूच नये. त्यांनी बॅगेतून शाल काढली, श्रीफळ काढलं आणि नानांचा सत्कार केला. मग नानांच्या हातात तीच शाल, तेच श्रीफळ देऊन स्वतःचा करवून घेतला. नंतर माइकसमोर उभं राहून ‘व्यासपीठावर उपस्थित मान्यवर’ म्हणत त्यांनी नानांचं नाव घेतलं, माझं घेतलं, गिरणीवाल्याचं घेतलं आणि पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाचंही घेतलं. तो बिचारा शिडीवरून हात जोडत होता. नाना मिशी चावत बसले होते. शेवटी म्हणाले, “मंग गोट कव्हय सांगानी?” तेवढ्यात आबांनी आभार मानायला सुरुवात केली.

ते सगळं मी कापलं, हे त्यांना फार लागलं. पुढच्या वेळी प्रास्ताविक आणखी लांबलं.

खरी पंचाईत वेगळीच होती. पॉडकास्ट आतल्या गोष्टींचा, आणि आबांच्या तोंडून आतली गोष्ट निघता निघत नव्हती. नाना रंगात येऊन एखाद्या बंद खोलीतल्या बैठकीचं सांगायला लागायचे, अमक्यानं तमक्याला शब्द दिला आणि फिरवला, की आबा खोकायचे. अगदी वेळेवर, बरोबर नावावर. मग शांतपणे म्हणायचे, “अशी त्या वेळी चर्चा होती. मी तिथे नव्हतो.”

“आबा, दार तं तुम्हीच उघाडेल व्हतं ना.”

“दार उघडलं. आत पाहिलं नाही.”

“मी मन्हा डोयाघाई देखेल शे, तुम्ही तठेच उभा व्हतात.”

“उभा असणं आणि उपस्थित असणं यांत फरक आहे, नाना.”

मला वाटलं हे कोण कुत्रं ऐकणार. पण ‘अंदरनी गोट’ धो धो चालला, आणि चालला तो आबांच्या खोकल्यामुळेच. नाव कळत नसल्यामुळे प्रत्येक गावाला वाटायचं की हा आपलाच पुढारी. नानांनी एकदा एका नेत्याची गोष्ट सांगितली. भाषणाच्या भरात त्यानं समोरच्या उमेदवारालाच निवडून द्या म्हणून हात जोडले आणि गावानं त्याचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मला तिघांचे फोन आले. तीन वेगळे तालुके, तीन वेगळे पुढारी, आणि प्रत्येकाची विनंती एकच, की झालं गेलं, आता तो विषय कशाला उकरता. नाना कपाळावर हात मारून म्हणाले, “मी तं चौथानी गोट सांगेल व्हती.”

रेकॉर्डिंग संपलं की आबा मात्र माइक बंद आहे ना, हे दोनदा विचारून खरे रंगायचे. साहेबांकडे त्यांचं काम काय होतं, ते मला अशाच गप्पांतून कळलं. कार्यक्रमात कोणी पुढे यायला लागलं की साहेब मान जराशी डावीकडे, मागे कलती करायचे. आबा कानात सांगायचे, “फैजपूर, मुलीचं लग्न झालं.” आणि साहेब त्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, काय भाऊ, लेक सुखी आहे ना? माणूस जन्माचा बांधला जायचा. ज्याच्याबद्दल आबांनी काहीच सांगितलेलं नसायचं, त्याला साहेब नुसतं “बरं आहे ना?” म्हणायचे आणि पुढे सरकायचे.

“निर्णयांचं पण तसंच,” आबा म्हणायचे. “निर्णय साहेबांचा, कारण माझं.” साहेब भल्या सकाळी ठरवून टाकायचे, की रस्ता ह्या गावातून नाही, त्या गावातून. का, ते त्यांनाही माहीत नसायचं, मनात आलं. दुपारपर्यंत आबा कारण शोधून काढायचे, की इकडची काळी जमीन, रस्ता खचेल. साहेब तेच कारण सभेत इतक्या कळकळीनं सांगायचे की संध्याकाळपर्यंत त्यांना ते स्वतःलाच पटलेलं असायचं. एवढ्या वर्षांत आपण दिलेलं कारण साहेबांनी कधी नाकारलं नाही, हे सांगताना आबांचा चेहरा असा फुलायचा, की मला त्यांचा हेवाही वाटायचा आणि रागही यायचा.

एवढी कारणं पुरवणाऱ्या माणसाला स्वतःचं एक कारण मिळेना. दर आठवड्याला भाग निघत होता, आणि आबा येता-जाता मला विचारत होते, “ताई, वरून काही?” वरून म्हणजे साहेबांकडून.

आणि एकदा स्टुडिओत फोन आला. पण तो आबांच्या खुर्चीत बसलेल्या त्या दोन फोनवाल्या गृहस्थांचा. निवडणुका तोंडावर आल्या होत्या आणि पुढाऱ्यानं पॉडकास्टवर जायचं असतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ‘अंदरनी गोट’ कोण चालवतं, याचा त्यांना पत्ता नव्हता. ऐकणाऱ्यांचा आकडा मोठा दिसला, त्यांनी फोन लावला. आबा खुर्चीतून उठून उभे राहिले आणि उभ्यानंच बोलले. फोन ठेवल्यावर म्हणाले, “प्रश्न आधी पाठवायचे आहेत. योग्यच आहे. सोबत उत्तरंही आपणच पाठवायची आहेत. त्यांना सवड नाही.”

नाना खो खो हसले. मग हसू आवरून म्हणाले, “आबा, तुमनं जे काय शे, ते तुम्ही इचारा.”

“मला कसं विचारता येईल, नाना? शिस्तीत बसत नाही.”

“बरं. मंग हाऊ सवाल मी इचारसू.”

आबा नको म्हणाले नाहीत. मग एकदम मला म्हणाले, की साहेबांच्या खुर्चीला पांढरा टर्किश टॉवेल लागेल, आणि बाजारात धावले.

साहेब यायचे त्या दिवशी आवाज नको म्हणून दळण बंद. जिन्यात डबे घेऊन बायका तिष्ठत बसलेल्या. गाडी आली आणि साहेब काठी टेकत, एकेक पायरी थांबत वर आले. म्हातारे झाले होते. पोस्टरवरून मला कल्पना आली नव्हती. दारात आबा उभे, अंग चोरून, मान झुकवून. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, हसले, म्हणाले, “बरं आहे ना?” आणि आत गेले.

मी आबांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

आत तीन खुर्च्या. टॉवेलवाल्या खुर्चीत साहेब बसले, एकीत नाना. तिसरी आबांची. तीत दोन फोनवाले गृहस्थ बसून फोन बघायला लागले. माझं डोकं सणकलं. मी उठणार, तर आबांनी हातानंच मला बस म्हणून खुणावलं आणि साहेबांच्या मागे, डाव्या हाताला जाऊन उभे राहिले.

नानांनी पहिला प्रश्न विचारला. दोन फोनवाले उत्तरांचा कागद गाडीतच विसरले होते. साहेबांनी मान किंचित कलती केली आणि आबा पुढे वाकले. हे इतकं सहज झालं, की साहेबांनी मागे कोण आहे ते वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझ्या कानांवर हेडफोन होते, म्हणून मला आबांची कुजबुज शब्दन्शब्द ऐकू येत होती. आधी आबा हळू बोलायचे, मग तेच वाक्य साहेब दमदार आवाजात बोलायचे. धरण, केळीचा विमा, धुळ्याचं पाणी, सगळं झकास. दोन फोनवाले मान वर करून म्हणालेसुद्धा, “साहेब आज फॉर्मात आहेत.”

शेवटी नानांनी मिशीवरून हात फिरवला.

“साहेब, आखरी सवाल. एक मानूस तीस वरीस तुमना मांगे उभा ऱ्हायना. एक दिन त्याले काढी टाकं. काय कारन व्हतं?”

साहेब थांबले. आठवायचा प्रयत्न त्यांनी खरोखर केला, तेवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन. कपाळाला आठ्या पडल्या. काही हाती लागलं नसावं. मग त्यांनी मान डावीकडे, मागे कलती केली.

हेडफोनमध्ये मला आधी नुसता श्वास ऐकू आला. नानांचं तोंड उघडं पडलं होतं. मला वाटलं, आता आबा काहीच सांगणार नाहीत, आणि सांगू नये असंच मी मनात म्हणत होते. पण साहेबांची मान कलती झालेली होती आणि आबांना तेवढं पुरे होतं. कार्यालयीन आवाजात, जराही न अडखळता, त्यांनी तीन वाक्यं सांगितली. “त्यांची तब्येत बरी नव्हती. त्यांनी स्वतःच विनंती केली होती. मला फार वाईट वाटलं.”

साहेब माइकमध्ये म्हणाले, “त्यांची तब्येत बरी नव्हती. त्यांनी स्वतःच विनंती केली होती.” आणि दोन फोनवाल्यांना म्हणाले, “चला.”

गाडी गेल्यावर नाना अहिराणीत जे बोलले ते मी लिहू शकत नाही. आबा खुर्चीवरच्या टॉवेलची घडी घालत होते. मी सरळ म्हटलं, “आबा, तिसरं वाक्य त्यांनी गाळलं.”

“वेळ कमी होता, ताई. पुढे कार्यक्रम असणार.”

पुढे कसलाही कार्यक्रम नव्हता. साहेब दुपारी झोपतात, असं दोन फोनवाल्यांनी जिना उतरताना मला सांगितलं होतं. ते मी आबांना बोलले नाही.

तो भाग प्रसारित झाल्यावर आबांनी ‘अंदरनी गोट’ बंद केला. नानांनी खूप विनवलं. आबा म्हणाले, तब्येतीच्या कारणास्तव. आम्हाला आधी थट्टा वाटली. पण त्यांनी खरंच चहातली साखर सोडली, वेफर सोडले. मफलर गुंडाळून सकाळी मेहरूण तलावावर हळूहळू चालायला लागले, दर बाकावर टेकत. फैजपूरचे भाऊ विचारायला आले तर म्हणाले, “बरेच दिवस बरं नव्हतं. तुम्हाला कळवलं नाही.” सांगताना मुद्रा इतकी समाधानी, की भाऊ काळजीत पडले.

शेवटी मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी छाती तपासली, रक्तदाब पाहिला, ईसीजीची पट्टी काढली, सगळे रिपोर्ट पुढ्यात घेऊन सावकाश वाचले आणि हसून म्हणाल्या, “काका, तुम्हाला काहीही झालेलं नाही. या वयात इतकी ठणठणीत तब्येत मी क्वचितच बघते.”

आबांचा चेहरा उतरला. ते खुर्चीत पुढे सरकले आणि कधी कोणाकडे काही न मागितलेला तो माणूस अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, “डॉक्टर, पुन्हा एकदा नीट बघा. साहेब जाहीरपणे बोललेत.”